कोरियन पिक्चर सुरू करतोयस ना, मग हे आधी वाच

पहिला 'ओड टू माय फादर' (2014) लाव, बाकीचे नंतर. आणि बघायच्या आधी दहा मिनिटं काढून कोरियन युद्धात, 1950 च्या डिसेंबरमध्ये, उत्तर कोरियातल्या हंगनाम बंदरावर काय झालं ते वाच, मालवाहू जहाजात हजारो निर्वासित कोंबून दक्षिणेला आणले होते, पिक्चरची गोष्ट तिथूनच सुरू होते. दोरीच्या जाळीवरून जहाजावर चढताना पोराच्या पाठीवरची धाकटी बहीण निसटते आणि हातात तिच्या बाहीचा तुकडा राहतो, तो सीन नीट बघ, पुढचं सगळं त्याच्यावर उभंय. टीव्हीवर हरवलेली माणसं शोधतात तेही खरंच झालेलं, 1983 मध्ये केबीएस या दक्षिण कोरियाच्या सरकारी वाहिनीवर तो कार्यक्रम 138 दिवस चालला. रडू येणार, येऊ दे.

मग 'अ टॅक्सी ड्रायव्हर', म्हणजे 1980 चं ग्वांगजू कळेल, दक्षिण कोरियातल्या या शहरात लष्कराने आपल्याच लोकांवर गोळ्या घातल्या होत्या.

दिग्दर्शक ली चांग-दोंगचा 'पेपरमिंट कँडी' मात्र घाईत बघू नको. तो 1999 वरून मागे मागे 1979 पर्यंत जातो, पहिला अर्धा तास हिरो नकोसा वाटतो, बंद करावासा वाटेल पण करू नको, तो असा का झाला ते ग्वांगजूपाशी पोचल्यावर कळतं. आणि डब नको रे, सबटायटल्स लावूनच बघ.