जुनी एमजीबी गरम झाली की वाटेत बंद पडते. बजेट बेताचं आहे, तर आधी खर्च कशावर करावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाडी 1972 ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार. गार असताना पहिल्या सेल्फला चालू होते, पण अर्धा-पाऊण तास चालवली की गचके खाऊन बंद पडते आणि थोडा वेळ उभी राहिली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होते. एक जण नवा कार्बोरेटर बसवायला सांगतोय, दुसरा इलेक्ट्रॉनिक इग्निशन, तिसरा तर इंजिनच उघडायला निघालाय. पैसे मोजके आहेत आणि गाडी निर्धास्तपणे बाहेर काढता यावी, एवढीच तुमची इच्छा आहे.

इंजिन उघडू नका. गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर आपोआप चालू होणाऱ्या गाडीत दोष बहुतेक वेळा करंटचा असतो, नाहीतर पेट्रोलचा. अशा जुन्या गाड्या मी बरीच वर्षं चालवतोय, त्यांचं कामही स्वतःच करतो, आणि माझं मत पक्कं आहे: भारी पार्ट बसवून या गाड्या भरवशाच्या होत नाहीत. मुळात जे आहे ते ठरलेल्या मापात आणून तसंच ठेवलं की होतात. एमजीबी 1962 ते 1980 इतकी वर्षं बनत होती, 5 लाखांच्या वर गाड्या निघाल्या, आणि त्या काळी लोक त्या रोज चालवत होते. डिझाइनमध्ये खोट नाही. पन्नास वर्षांत जे सैल झालंय, गंजलंय, वाळलंय ते शोधायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं काम हातमेहनतीचं आहे.

तरी पहिला पैसा इंजिनावर नको, ब्रेकवर घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. पुढच्या चाकांकडे जाणारे रबरी ब्रेक पाइप बाहेरून ठीक दिसले तरी आतून फुगलेले असू शकतात. किती जुने आहेत ते माहीत नसेल तर सरळ नवे घाला. टायरवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचा. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. टायर दहा वर्षांच्या पुढचा असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, तो काढा. आणि दाराखालचे सिल आतून गंजलेले नाहीत ना, हे लिफ्टवर चढवून एकदा बघून घ्या. या गाडीला वेगळी चासी नाही, सिलवरच बॉडीचा जोर आहे. ते गेले असतील तर बाकीचं सगळं थांबवा.

आता तुमच्या दुखण्याकडे. गाडी पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा ती गार होण्याची वाट बघू नका, दोष त्याच क्षणी सापडतो. इग्निशन चालू करा आणि मागून पेट्रोल पंपाची टकटक येते का ऐका. एसयू कंपनीचा हा इलेक्ट्रिक पंप मागच्या चाकाजवळ असतो. कार्बोरेटर भरलेले असले की तो दोन-चार टकटक करून गप्प बसतो. अजिबात आवाज नसेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. ठोकल्यावर सुरू झाला, तर पंपातले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) गेलेत किंवा त्याची अर्थची वायर सैल आहे. न थांबता भराभर वाजत राहिला तर तो हवा खेचतोय किंवा टाकीकडून पेट्रोल येत नाहीये. टाकीचं झाकणही उघडून बघा. उघडताना हवा आत शिरल्याचा फुसकारा आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर हवेची वाट तुंबली आहे. इतकंच, दुरुस्ती फुकटात.

पंप ठीक असेल तर करंट बघा. डिकीत एक जास्तीचा प्लग ठेवा. एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकवून धरा (जाड इन्शुलेटेड पक्कडीने, आणि आजूबाजूला पेट्रोल गळत नाही हे बघून) आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठणठणीत निळी ठिणगी पडली पाहिजे. ती पिवळट, अशक्त किंवा गायब असेल तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर, दुसरा रोटरवर, तिसरा कॉइलवर.

या तिघांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. कंडेन्सर म्हणजे इग्निशनच्या पॉइंटमधली ठिणगी दाबणारा छोटा पार्ट. तो गार असताना चांगला असतो आणि तापल्यावर दगा देतो. तुमची लक्षणं त्याच्याशी तंतोतंत जुळतात. तो खराब असला की पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये मोठी ठिणगी दिसते आणि पॉइंट लवकर जळतात. रोटर डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्यात, फिरतो. त्याच्यात दोष असा असतो की प्लास्टिकमधून करंट खाली डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यात उतरतो. वरची पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेले स्वस्त रोटर यासाठी बदनाम आहेत, म्हणून बिनरिव्हेटचा लाल रोटर मागा. कॉइल बॅटरीचा व्होल्टेज ठिणगीइतका वाढवते. तिचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. तुमच्या सालच्या गाडीला बॅलास्ट वायर (कॉइलचा करंट कमी करणारी रेझिस्टन्सची वायर) नाही, तेव्हा तो 3 ओहमच्या आसपास हवा. 1.5 च्या जवळ निघाला तर आधीच्या मालकाने नंतरच्या मॉडेलची बॅलास्टवाली कॉइल बसवली आहे. तिच्यातून जास्त करंट जातो, ती तापते, पॉइंट जाळते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो: नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं जुन्या गाड्यांमध्ये धरून चालू नका. आज बनणाऱ्या कंडेन्सर आणि रोटरमध्ये हलका माल भरपूर आहे. चालता जुना पार्ट काढलात तर फेकू नका, कागदात गुंडाळून, वर ‘चालू’ लिहून डिकीत ठेवा. आणि एका वेळी एकच पार्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर विचारूच नका.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन वाईट नाही. पण डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशात लटपटत असेल आणि ॲडव्हान्सच्या (वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंग ताणलेल्या असतील, तर टायमिंग ढळतच राहणार. आधी दांडा हलवून बघा, पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा, टायमिंग लाइट लावा. नंतर पैसे उरले तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल घ्या, आणि जुनी पॉइंट-कंडेन्सरची प्लेट जपून ठेवा. वाटेत मॉड्यूल गेलं तर ते उघडून दुरुस्त करता येत नाही.

ज्या कामाला जवळजवळ खर्च नाही आणि ज्याचा गुण सगळ्यात जास्त दिसतो, ते म्हणजे अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या एका अर्थ स्ट्रॅपमधून परततो. ती सडली की करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागत असेल तर तुमचं निदान झालंच म्हणा. नाहीतर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, कॉइलची एक बारीक वायर काढा म्हणजे गाडी चालू होणार नाही. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरी इंजिनाच्या स्वच्छ घासलेल्या धातूवर, आणि सेल्फ मारा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर वाटेत कुठेतरी गंज आहे. मग बॅटरीपासून एकेक जोड सोडवून पॉलिश पेपरने घासायचा, आवळायचा, वर व्हॅसलीन लावायचं. तुमच्या गाडीत सीटमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर त्यांना जोडणारी केबलही यात धरा, ती सहज विसरली जाते. पुढच्या खेपेला बॅटऱ्या बदलाल तेव्हा एकच 12 व्होल्टची घाला, दोन जोड कमी होतील.

पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, हे मात्र पुढे ढकलू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं. पाइप चिरतात, आणि कार्बोरेटर गरम मॅनिफोल्डच्या वरच असतात. पाइपवर ‘आर 9’ (इथेनॉल सोसणाऱ्या पाइपची खूण) छापलेलं असेल तोच घ्या. गाडीत आग विझवायचा छोटा सिलिंडर असू द्या. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधले उष्णता अडवणारे ठोकळे आणि पत्र्याची ढाल जागेवर आहेत का तेही बघा. कुणी काढून ठेवले असतील तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं, आणि तुमच्यासारखीच लक्षणं दिसतात.

कूलिंगचं फार नाही: रेडिएटर उलट दिशेने पाण्याने धुवा, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, रेडिएटरची कॅप नवी घाला, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरा. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनच्या निपलमध्ये दर 5,000 किलोमीटरला ग्रीस.

कार्बोरेटर नवा घेऊ नका. एसयूची मूळ जोडी साधी आणि टिकाऊ आहे. थ्रॉटलचा दांडा आडवा हलत असेल तरच तिकडे लक्ष द्या, एरवी डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या वरच्या नळीत) तेल घाला आणि दोन्ही कार्बोरेटर सारखे लावून घ्या. वाचलेल्या पैशात वर्कशॉप मॅन्युअल, मल्टिमीटर आणि फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) घ्या.

आधी पंपाची टकटक आणि ठिणगी, या दोन गोष्टी गाडी बंद पडलेली असताना बघा आणि काय निघालं ते इथे खाली लिहा. कॉइलचा आकडाही लिहा. त्यावरून नेमका कोणता पार्ट मागवायचा ते सांगता येईल.