आधी जमीन बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. साडेतीन पानं व्यायाम, तेल, बर्फ किती वेळ लावायचा यावर. आणि अगदी शेवटी अर्धी ओळ : ‘हॉल सोसायटीचा आहे, खाली नव्या टाइल्स आहेत, छान आहेत.’ अगं, तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या अर्ध्या ओळीत आहे!

तुझ्याकडे कथक शिकायला येणाऱ्या त्या अकरा वर्षांच्या मुलीची नडगी दुखतेय, आई म्हणते नोव्हेंबरात परीक्षा आहे, रियाज थांबवू नका, आणि तू मधल्या मध्ये. घाबरलीस ते बरंच झालं. पण व्यायामाच्या आधी जमीन बघ.

जरा हिशेब मांड. मिनिटाला 60 मात्रांची लय धर आणि चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार आघात, ततकार कर, पाय आपटत जा. मिनिटाला 240 आघात. दहा मिनिटांत 2400, म्हणजे एकेका पायावर बाराशेच्या आसपास. पायात घुंगरांचं वजन वेगळंच. टाइलखाली काँक्रीट. ते तसूभर दबत नाही, म्हणजे प्रत्येक आघात उलटा फिरून टाचेत, नडगीत, गुडघ्यात येतो. आणि अकराव्या वर्षी हाडांची टोकं अजून वाढत असतात.

वर्गाच्या सुरुवातीला आपण वाकून जमिनीची क्षमा मागतो, ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’. मुलींच्या नडग्यांची क्षमा कोण मागणार?

मी मागितली नाही. 1988 साली मी वर्ग सुरू केला तो एका शाळेच्या व्हरांड्यात, शहाबादी फरशीवर. पाच-सहा वर्षांनी एक मुलगी विशारद परीक्षेच्या तयारीला बसली. अशी लय मी पुन्हा कुणाच्या पायात पाहिली नाही. पाय दुखतोय म्हणाली, तर मी ऐटीत म्हटलं, ‘पायात ताकद येतेय, दुखणारच.’ एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मी तो परवानाच समजले. हाडाची बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसतच नाही कित्येकदा, हे मला कुठे ठाऊक होतं? महिन्याभराने दुसरा काढला, तेव्हा दिसली. परीक्षा गेली, मग नाचही गेला. आता कधी मंडईत भेटते. मुलांबद्दल बोलते, सासूबद्दल बोलते. नाचाबद्दल एक अक्षर नाही. मीही विषय काढत नाही.

मला तेव्हा सांगणारं कोण होतं? माझ्या गुरूही फरशीवरच शिकल्या, फरशीवरच शिकवत राहिल्या. (साठीनंतर त्यांना जिना चढवत नव्हता, ते मी वयावर ढकललं.) लाकडी जमिनीला पैसे नव्हते, हेही खरं. पण 1996 मध्ये थोडे साठले, तेव्हा मी नवी म्युझिक सिस्टिम घेतली. जमीन नाही. म्युझिक सिस्टिम पालकांना दिसते ना!

म्हणून तुला पुन्हा सांगते, आरसे नंतर, बॅनर नंतर, आधी जमीन. आणि नुसतं प्लायवूड टाइलवर टाकून मोकळी होऊ नकोस, ते टाइलइतकंच कडक राहतं. खाली लाकडी पट्ट्या, पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, वर प्लायवूडचे दोन थर, खालच्या थराचे सांधे वरच्या थराच्या सांध्यांखाली येणार नाहीत असे. आतल्या पोकळीमुळे जमीन किंचित दबते, तेवढं पुरे. जिममधल्या मऊ गाद्या मुळीच नकोत. चक्कर घेताना अनवाणी पाऊल त्यात रुततं, अंग फिरतं आणि गुडघा मागे राहतो. सतरंजी तर टाइलवर सरकते. हे तुला सांगायला नको खरं तर, पण ‘छान’ टाइल्स वाचल्यापासून माझा भरवसा उडालाय.

‘पूर्वी लोक दगडावरच नाचले’ असं कुणी ऐकवेल. त्यांचे गुडघे कुणी पाहिलेत?

आता त्या मुलीचं. ततकार आजपासून बंद. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय का, एका पायावर उडी मारताना कळ येते का, रात्री ठणकतं का, हे विचार आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठव. एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं थांबेपर्यंत पाय आपटायचा नाही. तोवर तिला बसवून पढंत करून घे, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणवून घे. हातावर ताल, तोंडाने तोड्यांचे बोल, बसल्या बसल्या अभिनय. तीन महिन्यांत तिची लय बाकीच्या पोरींपेक्षा पक्की होईल, बघ. आईला म्हणावं, परीक्षा पुढच्या वर्षीही असते. ती रागावली तर रागावू दे. वर्गातून काढते म्हणाली, तर काढू दे. मी असं बोलू शकले नाही, फीचा विचार केला. तू कर हवं तर, पण आधी जमीन बघ.

हॉलची लांबी-रुंदी मोजून कळव. इंचांत मोज, ‘साधारण’ म्हणून पाठवू नकोस. माझ्या इथला सुतार खोलगट आवाजावरून पोकळी ओळखतो, त्याला घेऊन येईन. सोसायटीवाले कायमचं काम करू देणार नाहीत, तेव्हा उचलून ठेवता येतील असे चौकोन करायला सांगू. रविवारी फोन कर. दुपारी नको, झोपलेली असते.

तुझी,
ताई