वाचकांचे प्रश्न: मलाक्कात एक रात्र, फक्त खाण्यासाठी

प्रश्न: क्वालालंपूरहून सिंगापूरला जाताना आम्ही दोघं मलाक्काला एक रात्र थांबणार आहोत. शनिवारी दुपारी पोहोचून रविवारी दुपारी निघू. किल्ला-चर्चपेक्षा खाण्यात रस आहे. मी चिकन-मासे खातो, पत्नी शाकाहारी आहे, अंडं चालतं. काय, कोणत्या क्रमाने खावं?

उत्तर: आधी एक बदल करा. दुपारी नको, सकाळी अकराच्या आत पोहोचा. क्वालालंपूरच्या टीबीएस स्थानकावरून बसला साधारण दोन तास लागतात, पण शनिवारी रस्ता तुंबतो, म्हणून सकाळी आठच्या आसपासची बस धरा. बस मलाक्का सेंट्रलला सोडते. तिथून जुन्या शहरातला डच चौक चार-पाच किलोमीटर आहे. १७ नंबरची बस जाते, दोघांना टॅक्सीही परवडते.

घाई एवढ्यासाठी, की बरीच न्योन्या हॉटेलं दुपारी तीनच्या सुमारास चूल बंद करतात आणि संध्याकाळीच उघडतात. चिनी व्यापारी इथे स्थायिक झाले, स्थानिक घरांशी सोयरिक झाली आणि त्यातून पेरानाकान घराणी झाली. त्यांचा स्वयंपाक तो न्योन्या. पहिलं जेवण हेच ठेवा. ‘आयाम बुआ केलुआक’ मागवा: चिकनच्या रश्श्यात काळ्या कवचाच्या बिया. कच्ची बी विषारी असते, तिच्यात सायनाइड असतं. म्हणून ती उकळून राखेत-मातीत साधारण चाळीस दिवस पुरतात आणि शिजवण्याआधी पाणी बदलत काही दिवस भिजवतात. आतला काळा गर छोट्या चमच्याने कोरून भातात कालवायचा. चव कडसर, मातकट, किंचित चॉकलेटसारखी. पहिला घास अनोळखी वाटला तरी ताट बाजूला सारू नका, ही चव दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कळते. रश्श्याचं वाटण (लाल मिरची, छोटे कांदे, आल्यासारखा गलांगल कंद, गवती चहा, हळद) तेल सुटेपर्यंत परतलेलं हवं. घाईत परतलं की कच्चा कांदा आणि गवती चहा जिभेवर वेगवेगळे लागतात.

चार वाजता चेंदोल: नारळाचं दूध, किसलेला बर्फ, पानदान नावाच्या सुगंधी पानाच्या रसातल्या हिरव्या शेवया आणि वरून गुला मलाका, म्हणजे माडाच्या नीरेचा गूळ. खरा गूळ गडद असतो आणि त्याला धुराचा वास येतो. जिथे नुसता गोडवा लागतो, तिथे साखरेचा पाक मिसळलेला समजा. दोघांत एकच वाटी घ्या आणि लगेच संपवा. बर्फ विरघळला की नारळाचं दूध पाणचट होतं.

संध्याकाळी साडेसहाला उजोंग पासिरच्या पोर्तुगीज वस्तीत जा. १५११ मध्ये पोर्तुगीज आले, १६४१ मध्ये डचांनी शहर घेतलं, १८२४ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं, पण क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीज वंशाच्या स्थानिक कुटुंबांची चूल टिकली. त्यांची ‘करी देबाल’ व्हिनेगर, मोहरी आणि भरपूर लाल मिरचीची. गोव्याचं विंदालू खाणाऱ्याला नातं लगेच ओळखू येईल. इथे मासे बहुधा वजनावर विकतात आणि दर अनेकदा शंभर ग्रॅमचा असतो. तो अख्ख्या माशाचा समजून बसलात तर बिलाला धक्का बसेल. मासा आधी तोलायला लावा आणि एकूण रक्कम विचारा.

जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार भरतो. नऊनंतर जा, पोट भरलेलं असेल तर चांगलंच. चव घ्यायची एकच गोष्ट: ओंदे-ओंदे. चिकट तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, आत पातळ गूळ, वर ओलं खोबरं. अख्खी तोंडात टाका आणि ओठ मिटूनच चावा. अर्धी तोडलीत तर पाक थेट शर्टावर. साते चेलुप, म्हणजे काड्यांना टोचलेले तुकडे शेंगदाण्याच्या उकळत्या रश्श्यात बुडवून खाणं, या वेळी सोडा. शनिवारी रांगेतच रात्र जाते.

रविवारी सकाळी चिकन राइस बॉल: चिकनच्या चरबीत, आलं-लसणात आणि रश्श्यात शिजवलेल्या भाताचे गोळे. भात गरम असतानाच वळावा लागतो, गार झाला तर गोळा फुटतो. म्हणून दुकान उघडतानाच गाठा, माल दुपारपर्यंत संपतो. दोघं खाणार असतील तर पाव कोंबडी आणि दहा गोळे पुरतात. तुम्हाला एकट्याला पाच. पत्नीसाठी शेजारच्या कोपितियाममध्ये (कॉफीच्या दुकानात) काया टोस्ट आणि अर्धउकडलेली अंडी. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी आणि साखरेचा घट्ट लेप.

प्रश्न: शाकाहारी माणसाला अडचण येईल का?

उत्तर: येईल, आणि ती दिसणार नाही. भाजीतही बेलाचान असतो, म्हणजे कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांना आंबवून केलेली पेस्ट. ‘मांस नको’ म्हटलं तरी तो पडतोच. ‘ताक माऊ बेलाचान, ताक माऊ उदांग केरिंग’ असं सांगा: बेलाचान नको, सुकी कोळंबी नको. ‘पाय ती’ या पदार्थाच्या कुरकुरीत वाट्यांतलं सारण भाजीचं दिसतं, पण तेही अनेकदा सुक्या कोळंबीसोबत शिजवतात. न्योन्या लाक्सात (नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्समध्ये) तर कोळंबी वाटणातच असते, ती वरून काढून भागत नाही. पोटभर जेवायला लिटल इंडियातलं केळीच्या पानावरचं दाक्षिणात्य जेवण किंवा चिनी शाकाहारी दुकान, जिथे कांदा-लसूणही बहुधा नसतो. चेंदोल, ओंदे-ओंदे आणि गोड कुइह (छोटी स्थानिक मिठाई) यांत सहसा अडचण नाही.

प्रश्न: गुला मलाका घरी नेता येईल का?

उत्तर: बांबूच्या नळीत ओतून गोठवलेला दंडगोल घ्या. उन्हात तो पाझरतो आणि मुंग्या लागतात. कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात भरा, डबा कपड्यांच्या मधोमध ठेवा.