एनसीकेएसने (नेटसीडीएफ फाइलींचे तुकडे कापणारी कमांड) ग्रिड फाइलमधून तुकडा कापला, पण निम्माच भाग हाती आला. असं का?

तुम्हाला पश्चिम २० ते पूर्व २० रेखांश आणि उत्तर ३५ ते ६० अक्षांश एवढा तुकडा हवा होता, आणि हाती आला फक्त ० ते २० चा. कमांड चुकलेली नाही. तुमच्या नेटसीडीएफ फाइलमधले (हवामानासारखे अक्षांश-रेखांशांच्या जाळीवरचे आकडे साठवायचा प्रकार) रेखांश ० ते ३५९.७५ असे मांडलेले असणार. तिथे उणे २० नावाचा रकानाच नाही, म्हणून एनसीकेएसने सापडले तेवढे दिले. आधी 'एनसीडंप -व्ही लॉन' (फाइलमधलं दाखवणारी कमांड; लॉन म्हणजे रेखांश) चालवून आकडे डोळ्यांनी बघा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.)

मी अशा वेळी सरळ सीडीओ (अशाच फाइलींवर काम करणारं दुसरं साधन) वापरतो: 'सीडीओ सेललॉनलॅटबॉक्स,-20,20,35,60' आणि पुढे आधी मूळ, मग नव्या फाइलचं नाव. शून्य रेखांशावरची जोडणी ते स्वतः करतं आणि रेखांशही -२० ते २० असे ओळीने लावून देतं. एनसीकेएसच हवं असेल तर '-डी लॉन,340.,20.' असं उलटं लिहा. मोठा आकडा आधी आला की ते गोल फिरून येतं. मात्र नव्या फाइलमध्ये रेखांश ३४० पासून चढत जाऊन मध्येच शून्यावर उडी मारतात, आणि नकाशा काढताना ते हमखास नडतं.

त्या ३४० पुढचं टिंब विसरू नका! टिंब असेल तर एनसीकेएस त्याला अंश समजतं, नसेल तर रकान्याचा क्रमांक. मी एकदा '-डी लॅट,35,60' असं बिनटिंबाचं लिहून बसलो होतो. पाव अंशाची जाळी, अक्षांश ९० पासून खाली उतरणारे. क्रमांक ३५ ते ६० म्हणजे ८१.२५ ते ७५ अंश. एररचं नाव नाही आणि मी दुपारभर ध्रुवाजवळचं तापमान युरोपचं म्हणून बघत होतो.

म्हणून कापल्यावर 'एनसीडंप -एच' (फाइलचा फक्त वरचा तपशील) करून मोजणी जुळवतो. पाव अंशाच्या जाळीत दोन्ही टोकं धरून ४० अंशांचे १६१ रेखांश आणि २५ अंशांचे १०१ अक्षांश यायला हवेत. तुमच्या फाइलमध्ये रेखांश ८१ दिसतील.

पुढे कधी जिओटिफ (पृथ्वीवरची जागा नोंदवलेली चित्रफाइल) कापायची वेळ आली तर जीडॅल या नकाशांच्या साधनातल्या जीडॅल-ट्रान्सलेटच्या '-प्रोजविन'ला वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा लागतो, म्हणजे -20 60 20 35. त्यातल्याच जीडॅलवार्पच्या '-टीई'ला तेच खालचा डावा आणि वरचा उजवा कोपरा, म्हणजे -20 35 20 60 असं द्यावं लागतं. हा क्रम मी अजूनही दर वेळी मदतपानावर बघूनच लिहितो.