लाल औषधाचं नाव

प्रिय बाळा,

काल कॅन्सरच्या डे-केअर वॉर्डात लाल औषधाची सिरिंज हातात घेऊन तू विचारलंस, "ताई, डॉक्सोरुबिसिन म्हणजे काय?" तेव्हा सलाईन लावायची घाई होती. आज निवांत लिहिते.

नाव शेपटीकडून वाच. 'रुबी' म्हणजे माणिक. 1950 च्या दशकात दक्षिण इटलीत, कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीत लाल रंग तयार करणारा एक जिवाणू सापडला. त्या मुलखात पूर्वी डाउनी नावाची जमात राहायची, म्हणून इटालियन संशोधकांनी त्याच्या औषधाला डाउनोमायसिन म्हटलं. त्याच सुमारास फ्रेंचांनाही तेच द्रव्य गवसलं. त्यांनी माणकावरून रुबिडोमायसिन ठेवलं. दोन्ही जोडून डाउनोरुबिसिन झालं. पुढे त्याच जिवाणूत बदल घडवून डॉक्सोरुबिसिन मिळालं. रेणूत फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा, पण डोस वेगळे, आजार वेगळे. म्हणून लेबल दोनदा वाचायचं, मोठ्याने.

इटलीच्या पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्रावरून डॉक्सोरुबिसिनचं पहिलं नाव एड्रियामायसिन. स्तनाच्या कॅन्सरच्या चार्टवर दोन औषधांच्या जोडीसाठी 'एसी' लिहिलेलं असतं ना, त्यातला 'ए' हाच.

आणि 'रुबिसिन' शेपटी दिसली, मग एपिरुबिसिन असो की इडारुबिसिन, ही औषधं हृदयाला इजा करू शकतात, म्हणून आधी हृदयाच्या इकोचा, म्हणजे सोनोग्राफीचा, रिपोर्ट बघ. आतापर्यंत एकूण किती डोस गेला, तेही बघ. शिरेबाहेर थेंब गेला तर मांस जळतं, म्हणून सुई लागलेल्या हातावरून नजर हलवायची नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत गोंदियाकडची एक बाई विचारत होती, "बाई, हे लाल पाणी काय हाय? रगत हाय का?" मी नुसतं म्हटलं, "ताकदीचं औषध आहे." दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली आणि ती घाबरून रात्रभर धर्मशाळेच्या ओट्यावर बसून राहिली. औषधाचाच रंग आहे, एक-दोन दिवसांत जातो, एवढं एक वाक्य मी सांगायला हवं होतं. ते मला अजून लागतं.

आता मी सिरिंज लावण्याआधी माणकाची गोष्ट सांगते. परवा भंडाऱ्याच्या एका आजींनी ऐकून घेतलं, आपल्या नथीतल्या लाल खड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "असा?" मी म्हटलं, "हो, असाच." मग त्यांनी हात पुढे केला.

तुझी,
ताई
नागपूर