‘संगीतिका’ नव्हे, ‘संगीतक’

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘पाश्चात्त्य रंगभूमीवरील आणि चित्रपटांतील म्युझिकल या प्रकाराला मराठीत संगीतिका म्हणणे योग्य आहे काय? माझ्या एका मित्राला म्हणे संगीतिका मुळीच सहन होत नाहीत, संगीत नाटके मात्र तो आवडीने पाहतो. हे दोन प्रकार खरोखर वेगळे आहेत, की केवळ शब्द वेगळे आहेत?’

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अलीकडे परीक्षणांत आणि जाहिरातींत, जेथे कोणी पात्र दोन ओळी गाते तेथे सरसकट ‘संगीतिका’ हा शब्द चिकटवलेला आढळतो. ज्यांना तो अपुरा वाटतो ते ‘संगीतमय नाटक’ असे लिहितात, आणि त्यामुळे नाटक संगीतात विरघळून नाहीसे झाले असावे अशी शंका येते. ‘ऑपेरा’ हा तिसरा पर्याय तर विचारातही घेण्यासारखा नाही. म्युझिकलमध्ये माणसे बोलतात, गातात आणि नाचतात. ऑपेऱ्यात गायकाचा कंठ हाच सर्वेसर्वा असतो.

‘संगीतिका’ या शब्दात खटकतो तो शेवटचा ‘-इका’. पुस्तकाची पुस्तिका होते तेव्हा ती आकाराने लहान होते. नाटकाची नाटिका होते तेव्हाही तेच घडते : संस्कृत नाट्यशास्त्राच्या हिशेबात नाटकाला पाच ते दहा अंक असतात, तर हर्षाच्या ‘रत्नावली’सारखी नाटिका चार अंकांत आटोपते. आकाशवाणीसाठी मंगेश पाडगावकरांनी लिहिलेल्या आणि पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘बिल्हण’ला संगीतिका म्हटले गेले, ते अगदी योग्यच होते. परंतु तीन-तीन तास चालणाऱ्या, डझनावारी नर्तकांचा ताफा बाळगणाऱ्या अवाढव्य प्रयोगाला ‘-इका’ लावणे म्हणजे ज्ञानकोशाला पुस्तिका म्हणण्यासारखे आहे. इटालियन भाषेत ‘ऑपेरा’ला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून ‘ऑपेरेटा’ हा शब्द झाला. ‘संगीतिका’ शोभते ती त्या ऑपेरेटाला.

यावर कोणी म्हणेल की ‘-इका’ नेहमीच लघुत्व दाखवीत नाही, कारण नायिका ही काही छोटा नायक नसते. आक्षेप मान्य आहे, आणि तो स्वागतार्हही आहे, कारण त्यातूनच खरा शब्द हाती लागतो. नायिका ‘नायक’पासून झाली आणि नाटिका ‘नाटक’पासून झाली, मग त्याच न्यायाने संगीतिका कशापासून व्हायला हवी? ‘संगीतक’ या शब्दापासून. हा शब्द मी घडवलेला नाही. ‘चतुर्भाणी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार संस्कृत भाणांपैकी (भाण म्हणजे एकाच नटाने सादर करायचे एकांकी नाट्य) ‘उभयाभिसारिका’ या भाणात तो जिवंतपणे वावरतो. त्यातील प्रेमकलहाचे मूळच मुळी असे आहे की नारायणाच्या मंदिरात ‘मदनाराधन’ नावाच्या संगीतकाचा प्रयोग चाललेला असतो, त्यात मदनसेना काम करते आणि नायक तिची नको तितकी वाखाणणी करतो. पुढे त्याच भाणात ‘पुरंदरविजय’ नावाच्या दुसऱ्या संगीतकाचा उल्लेख येतो. तेथे दोन गणिकांमध्ये चुरस लागलेली आहे, आणि अशा प्रयोगाला लागणारे गुण मोजताना अभिनयाचे प्रकार, हस्तमुद्रा आणि दृष्टिभेद यांची यादी दिली जाते. येथे संगीतक म्हणजे नुसती मैफल असती, तर त्याला स्वतंत्र नाव, कथाविषय आणि अभिनय कशाला लागला असता? ते गायचे, नाचायचे आणि अभिनयाने उभे करायचे नाट्य होते. म्युझिकल या प्रकाराचे याहून नेमके वर्णन कोणत्याही परिभाषाकोशाने दिलेले माझ्या पाहण्यात नाही. आपण लेक सांभाळली आणि आईला विसरलो, एवढाच याचा अर्थ.

शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात गीत, वाद्य आणि नृत्त या तिघांना मिळून संगीत म्हणतात अशी व्याख्या दिली. ‘संगीत म्हणजे गाणे आणि नृत्य ही निराळी गोष्ट’ असे आज जे समजले जाते, ते त्याच्या दृष्टीने अर्धवटच ठरले असते.

आता ‘संगीत नाटक’ या जोडशब्दाकडे वळतो, कारण तेथे विद्वानांनी फार गोंधळ घातलेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि त्यानंतर ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ अशा प्रत्येक गाणाऱ्या नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ हा शब्द लागू लागला. व्याकरणाची आवड असलेले काही अभ्यासक हा मध्यमपदलोपी समास मानतात : संगीतयुक्त शाकुंतल, त्यातील ‘युक्त’ गळाले. ही फोड मला अगदी निर्जीव वाटते. ‘युक्त’ हे पद मुळात तेथे होते याचा पुरावा कोणीही दिलेला नाही, आणि जे कधी नव्हतेच त्याचा लोप कसा होणार? ‘संगीत’ हे मुळात ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘गै’ हा धातू यांपासून झालेले क्तप्रत्ययान्त, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणारे, विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘एकत्र, उत्तम प्रकारे गायिलेले’ असा होतो. म्हणून ‘संगीत शाकुंतल’ म्हणजे गायिलेले शाकुंतल. कोणतेही पद गाळावे लागत नाही आणि कोणताही समास गृहीत धरावा लागत नाही.

माझ्या या मताला आधार आहे तो नाटकमंडळींच्याच बोलीचा. संगीत नाटकाच्या विरुद्ध शब्द काय? ‘पद्य’ नाटक असे कोणीही म्हणत नाही. विरुद्ध शब्द ‘गद्य नाटक’ असा आहे, आणि नटांचीही विभागणी गायक नट आणि गद्य नट अशीच होत असे. हा ‘गद्य’ शब्द ‘गद्’ म्हणजे बोलणे या धातूला ‘यत्’ प्रत्यय लागून झाला आहे, आणि त्याचा अर्थ ‘बोलण्याजोगे’ असा आहे. एका बाजूला बोलायचे नाटक आणि दुसऱ्या बाजूला गायिलेले नाटक, दोन्ही विशेषणे धातूपासून निघालेली आणि दोन्ही क्रियेकडे बोट दाखवणारी. ही जोडी निव्वळ योगायोगाने जमली असेल असे ज्यांना वाटते, त्यांनी खुशाल ‘युक्त’ शोधत बसावे. गंमत म्हणजे ‘म्युझिकल’ हादेखील मुळात विशेषणच आहे. त्याच्या पुढचे ‘कॉमेडी’ किंवा ‘प्ले’ हे नाम वापरता वापरता झडले आणि विशेषण एकटेच नाम म्हणून मिरवू लागले.

आता मित्राच्या नावडीसंबंधी. ही नावड नवी नाही. किर्लोस्करांच्या पदांनी रंगभूमी दुमदुमत असतानाच शाहूनगरवासी मंडळी गणपतराव जोशी यांच्या गद्य अभिनयावर प्रेक्षक खेचत होती, आणि ‘कीचकवध’सारखे गद्य नाटक लिहिणाऱ्या खाडिलकरांनीच 1911 मध्ये ‘मानापमान’ लिहून गायक नटांना अमाप संधी दिली. तक्रार नेहमीची आहे : ‘माणसे मध्येच कशाला गाऊ लागतात?’ या तक्रारीत वास्तवाचा मुद्दा आहे असे समजले जाते, परंतु तो टिकत नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ या 1967 च्या नाटकातील पात्रे गवई आहेत, म्हणून त्यांनी गाणे वास्तवाला धरून आहे, हे मान्य. पण ‘सौभद्र’मधला श्रीकृष्ण काही पेशाने गवई नव्हे, अर्जुन आणि बलरामही नव्हेत, तरीही त्यांची पदे हाच मित्र निमूटपणे, किंबहुना तल्लीन होऊन ऐकतो. म्हणजे गाणे त्याला खटकत नाही. खटकतो तो बोलण्याचा आणि गाण्याचा सांधा.

मराठी संगीत नाटक हा सांधा लपवत नाही. ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांसमोर असतात, नट प्रेक्षकांकडे तोंड करतो, कथानक थांबले आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि ‘वन्समोअर’ मिळाला तर ते आणखी थांबते. या थांबण्याचा अतिरेक झाला, नाटकाची मैफल झाली आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबले, ही टीका रास्त आहे. परंतु त्यात फसवणूक नव्हती. याउलट 1943 च्या ‘ओक्लाहोमा!’ या अमेरिकन म्युझिकलने जे वळण रूढ केले त्यात संवादाच्या खाली वाद्यवृंद हळूच सुरू होतो, बोलण्याचा सूर चढत जातो, आणि पात्र गाऊ लागले तरी कथा थांबलेलीच नाही असा आव आणला जातो. प्रत्येक गाण्याने कथानक पुढे नेलेच पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून समीक्षकांनी जवळजवळ धर्माज्ञेसारखे स्वीकारले आहे. मला ते मान्य नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या प्रस्तावनेत नटी ग्रीष्मऋतूवर गाते, सगळा प्रेक्षकवर्ग चित्रासारखा स्तब्ध होतो, आणि सूत्रधार स्वतःच विसरतो की आज कोणते नाटक करायचे आहे, नटीला त्याला आठवण करून द्यावी लागते. गाण्याने नाटक थांबते हे कालिदासाला माहीत होते, आणि त्याने त्याचा दोष न मानता त्यातूनच नाटकाचा आरंभ केला. मराठीतील संगीत नाटकाची परंपरा याच नाटकापासून सुरू व्हावी, यात मला नेहमीच एक औचित्य दिसत आले आहे.

जर्मन नाटककार ब्रेख्टने 1928 मध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’त हाच सांधा मुद्दाम उघडा ठेवला. गाणे आले की पात्र कथेतून सरळ बाहेर पाऊल टाकते आणि प्रकाशही बदलतो. पु. ल. देशपांडे यांनी 1978 मध्ये त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला तेव्हा मराठी प्रेक्षकांना ही पद्धत परकी वाटण्याचे काहीच कारण नव्हते, कारण तमाशातील सोंगाड्या हेच काम पूर्वीपासून करीत आला आहे. आपल्या मित्राला हा प्रकार आवडण्याची शक्यता बरीच आहे.

सांध्याचा बंदोबस्त करण्याच्या आणखी दोन रीती सांगतो, कारण त्या माझ्या विशेष आवडीच्या आहेत. पहिली रीत म्हणजे सांधाच राहू न देणे. 1964 च्या ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर’ या फ्रेंच चित्रपटात एकही वाक्य बोललेले नाही. मोटारदुरुस्तीची विचारपूससुद्धा गाण्यातच होते. त्याच्या सुरुवातीलाच गॅरेजमधला एक कामगार सांगतो की त्याला ऑपेरा आवडत नाही, सगळी माणसे गाताना पाहून त्रास होतो, त्यापेक्षा सिनेमा बरा. हे तो गाऊन सांगतो. म्युझिकलच्या विरोधकांना याहून सभ्य आणि याहून खट्याळ उत्तर दिले गेल्याचे मला आठवत नाही.

दुसरी रीत म्हणजे गाणे बोलण्याच्या इतके जवळ आणणे की सांधा दिसूच नये. ‘माय फेअर लेडी’ या म्युझिकलमध्ये रेक्स हॅरिसनने प्राध्यापक हिगिन्सची गाणी जवळजवळ बोलूनच म्हटली. 1964 च्या चित्रपटातही त्याने ती आधी ध्वनिमुद्रित न करता चित्रीकरणाच्या वेळीच, कपड्यांत दडवलेल्या बिनतारी मायक्रोफोनवर म्हटली. त्याच चित्रपटात ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना मात्र मार्नी निक्सनचा आवाज आहे. एकाच चित्रपटात एक पात्र न गाता गाते आणि दुसरे दुसऱ्याच्या गळ्याने गाते. आणि कथा आहे ती माणसाचा आवाज बदलून त्याची ओळख बदलण्याची! ‘माय फेअर लेडी’ ज्यावरून झाले त्या मूळ ‘पिग्मॅलियन’ नाटकाचा लेखक शॉ याने हयात असेपर्यंत आपल्या या नाटकाला संगीत चढवू दिले नाही, आणि तो गेल्यानंतर सहा वर्षांनी, 1956 मध्ये, ते गाऊ लागले. शॉच्या नकाराबद्दल मला आदर वाटतो, आणि तो मोडला गेला याबद्दल आनंदही.

राहता राहिला व्यवहाराचा मुद्दा. ‘संगीतक’ हा शब्द नपुंसकलिंगी धरावा आणि त्याचे अनेकवचन ‘संगीतके’ असे करावे. ‘तो म्युझिकल’ की ‘ती म्युझिकल’ हा वाद त्यामुळे आपोआप मिटतो. हा शब्द ‘संगीतकार’शी गल्लत होण्याइतका जवळचा आहे असे एका संपादकांनी मला कळवले होते; त्यांना ‘नाटक’ आणि ‘नाटककार’ यांत आजवर कधी अडचण आली नसावी. चित्रपटासाठी वेगळा शब्द हवाच असेल तर ‘संगीतपट’ चालेल, कारण त्यातील ‘संगीत’ हे ‘मूकपटा’तल्या ‘मूक’सारखे निखळ विशेषण आहे. मात्र गाणी आहेत एवढ्यावर कोणत्याही चित्रपटाला हे नाव देऊ नये. 1932 च्या ‘इंद्रसभा’ या बोलपटात सत्तरच्या आसपास गाणी होती आणि तो निश्चितच संगीतपट आहे; पण ज्या चित्रपटातील गाणी कापून टाकली तरी कथेला ओरखडा उठत नाही, त्याला गाणी असलेला चित्रपट म्हणावे.