विषाणू दबला, तरी दाह का राहतो? या प्रश्नात करिअर करायचं तर

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एचआयव्हीची औषधं नियमित घेणाऱ्यांच्या शरीरातही दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे प्रतिकारयंत्रणा भडकलेली असणं) कायम राहतो, असं वाचलं आणि यावरच संशोधन करावंसं वाटू लागलं. सर म्हणतात, औषधं निघाली, आता या विषयात उरलंय काय? आईला प्रयोगशाळेत संसर्ग होण्याची भीती वाटते. शिवाय माझं गणित कच्चं आहे. काय करू?

उत्तर : आधी सरांची शंका घेऊ, कारण तिचं उत्तर पटलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

औषधांनी रक्तातला विषाणू दर मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली जातो. पण त्याची जनुकं सीडी४ पेशींच्या (प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्ये आधीच जोडली गेलेली असतात. त्यातल्या बहुतेक प्रती मोडक्या असतात, त्यांच्यातून नवा विषाणू तयार होत नाही. तरी त्यातल्या काहींमधून आरएनए आणि प्रथिनं निघत राहतात. सध्याची औषधं विषाणूला नव्या पेशीत शिरू देत नाहीत, त्याच्या आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत, तो डीएनए पेशीच्या डीएनएत जोडू देत नाहीत, किंवा नव्या विषाणूची जुळणी बिघडवतात. आधीच जोडलेल्या जनुकातून आरएनए निघण्याची पायरी यांपैकी कुणीच अडवत नाही. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये विषाणूचा न कातरलेला (मधले भाग काढून न टाकलेला) आरएनए केंद्रकाबाहेर आला की पेशी त्याला परका समजते आणि इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडते. म्हणजे नवा संसर्ग नसतानाही धोक्याची घंटा वाजतच राहते.

दुसरा उगम आतड्यात आहे. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. त्यात आतड्याचं अस्तर सांभाळणाऱ्या टीएच१७ पेशीही जातात. अस्तर सैल पडतं, जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं एलपीएस रक्तात झिरपतं आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी ते ओळखून आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रथिन सोडतात. औषधं सुरू केल्यावरही हे अस्तर पूर्ण पूर्ववत होत नाही. याच्या जोडीला सायटोमेगॅलोव्हायरससारख्या, शरीरात दबून राहणाऱ्या विषाणूंचे जुने संसर्ग असतातच. या सगळ्यांत कुणाचा वाटा किती, हे अजून ठरलेलं नाही.

आणि हा प्रश्न पुस्तकी नाही. या दाहामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, एचआयव्ही असलेल्यांवरच्या स्मार्ट चाचणीत ज्यांनी उपचार मध्येच थांबवले, त्यांच्यात मृत्यू आणि हृदयविकार दोन्ही जास्त आढळले. २०२३ च्या रिप्रीव्ह चाचणीत एचआयव्ही असलेले ७,७६९ जण होते. पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध (स्टॅटिन) घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे गंभीर प्रसंग ३५ टक्क्यांनी घटले. स्टॅटिनने धोका कमी झाला, पण दाहाचं मूळ तसंच आहे. काम इथे उरलं आहे, आणि भरपूर उरलं आहे.

आता वाट. एमएस्सीला नावात ‘एचआयव्ही’ असलेला अभ्यासक्रम शोधत बसू नकोस. इम्युनॉलॉजी किंवा मॉलिक्युलर बायोलॉजी घे. मोनोसाइट आणि इंटरफेरॉन नीट समजलेला माणूस क्षयरोग, ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), हृदयविकार यांपैकी कुठेही काम करू शकतो. एकाच विषाणूला बांधून घेतलेल्याला तेवढी मोकळीक राहत नाही.

हात मात्र आत्तापासून तयार कर. या विषयातलं बरंचसं काम रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करण्यापासून सुरू होतं. रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं द्रावण) मिसळायचं, ते फिकॉल या जड द्रवावर अगदी हळू, थर न मोडता सोडायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने) ३० मिनिटं फिरवायचं. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा. तो चालू राहिला तर झटक्याने थर ढवळतात आणि हवा असलेला पांढुरका पट्टा हाती लागत नाही. रक्त रात्रभर पडून राहिलं तर ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हलके होऊन त्याच पट्ट्यात येतात. आणि दाहाचा अभ्यास करणाऱ्यांना हमखास नडणारी चूक वेगळीच असते : माध्यमात किंवा सीरममध्ये जिवाणूंच्या एलपीएसचा अंश असला, तर मोनोसाइट त्यानेच भडकतात. आपण तो परिणाम विषाणूचा समजतो. म्हणून एंडोटॉक्सिन (म्हणजे हेच एलपीएस) तपासलेली रसायनंच वापरायची, आणि विषाणू न घातलेल्या, बाकी सगळं तेच दिलेल्या पेशी प्रत्येक वेळी सोबत ठेवायच्या.

आईची भीती रास्त आहे. तिला हे सांग : बरेच प्रयोग अशा विषाणूंवर होतात, जे एकदाच पेशीत शिरतात आणि पुढे पसरत नाहीत. जिवंत एचआयव्ही वाढवायचा तर बंदिस्त, वेगळ्या खोलीत आणि प्रशिक्षण झाल्यावरच. बाधित रक्ताची सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता हजारात साधारण तीन असते. टोचल्यावर काही तासांत, फार तर ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर ती आणखी कमी होते. प्रयोगशाळा निवडताना टोचल्यावर कुणाला कळवायचं आणि औषध कुठे मिळतं, हे पहिल्याच दिवशी विचार. उत्तर गुळमुळीत मिळालं तर तिथे जाऊ नकोस.

गणिताचं म्हणशील, तर तुला कॅल्क्युलसपेक्षा संख्याशास्त्र जास्त लागेल. तीन दात्यांच्या रक्तातल्या तीस हजार पेशी मोजल्या, तरी नमुना तीनचाच असतो. ही गफलत छापून आलेल्या निबंधांतही सापडते. ‘आर’ ही संगणकीय भाषा घे आणि फ्लो सायटोमेट्रीचा (एकेक पेशी मोजण्याच्या तंत्राचा) कुठलाही खुला डेटा घेऊन सीडी३८ आणि एचएलए-डीआर या दोन्ही सक्रियतेच्या खुणा असलेल्या सीडी८ पेशींचं प्रमाण दात्यागणिक काढून बघ. सहा महिने आठवड्याला चार तास दिलेस तर पुरेसं आहे.

सुट्टीतल्या प्रकल्पासाठी प्राध्यापकांना पत्र लिहिशील तेव्हा ‘मला संशोधनाची आवड आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. त्यांच्या एका निबंधातली एक आकृती निवड, तिच्यात कोणती तुलना करून बघायला हवी होती असं तुला वाटतं, ते चार ओळींत लिही. सोबत तू स्वतः केलेल्या त्या विश्लेषणाचा एक आलेख जोड.